चार्ल्स कोरिया

चार्ल्स मार्क कोरिया (१ सप्टेंबर, १९३० – १६ जून, २०१५) हे भारतीय वास्तुविशारद, नगररचनाकार व लेखक होते. नवी मुंबईची मूळ कल्पना मांडणाऱ्या तिघांपैकी ते एक होत. १९७० ते १९७५ या काळात ते त्या शहराचे मुख्य वास्तुविशारद होते. अहमदाबादचे गांधी स्मारक संग्रहालय, भोपाळचे भारत भवन व विधानभवन, पणजीची कला अकादमी आणि मुंबईतील कांचनजंगा ही गगनचुंबी इमारत या त्यांच्या प्रसिद्ध वास्तू आहेत. वास्तुकलेच्या पदव्युत्तर पदवीसाठी त्यांनी प्रबंध म्हणून चित्रपट तयार केला होता, ही गोष्ट त्यामानाने कमी परिचित आहे.

सुरुवातीचे जीवन व शिक्षण

कोरिया यांचा जन्म सिकंदराबाद येथे मूळच्या गोव्यातील रोमन कॅथलिक कुटुंबात झाला. लहानपणी त्यांना खेळण्यातील आगगाड्यांचा विलक्षण नाद होता. रूळ कोठून वळवावेत आणि कोठे जोडावेत याचे नकाशे ते कागदावर काढत. आराखडा म्हणजे काय हे आपण त्या खेळातून शिकलो, असे ते पुढे सांगत असत. मुंबईत सेंट झेवियर्समध्ये शिक्षण घेतल्यानंतर १९४९ मध्ये ते अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात गेले. तेथे बकमिन्स्टर फुलर यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव पडला. १९५३ ते १९५५ या काळात त्यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) येथे पदव्युत्तर शिक्षण घेतले.

चित्रपटरूपी प्रबंध

त्या काळी एमआयटीमध्ये केविन लिंच आणि ग्यॉर्गी केपेश हे प्राध्यापक एका प्रश्नाचा अभ्यास करत होते : शहरात वावरणारा माणूस ते शहर कसे पाहतो आणि मनात कसे साठवतो? या वातावरणात कोरिया यांनी १९५५ मध्ये ‘यू अँड युवर नेबरहूड’ हा ॲनिमेशनपट प्रबंध म्हणून सादर केला. लेखन, रेखाटन आणि दिग्दर्शन त्यांनी स्वतःच केले होते. मोडकळीस आलेल्या वस्तीतील रहिवासी एकत्र येऊन आपला परिसर कसा सुधारू शकतात, हा त्याचा विषय होता. नगररचनेचा नकाशा सामान्य माणसाला वाचता येत नाही. चित्रपट मात्र कोणालाही समजतो. तज्ज्ञाच्या हातातील नकाशा रहिवाशाच्या हाती देण्याचा हा प्रयत्न होता, असे म्हणता येईल.

त्या वेळी संगणकावर चित्र काढण्याची सोय नव्हती. वास्तुरचना आणि माणसाशी संवाद साधणारा संगणक यांचा सांधा जोडणारा ‘आर्किटेक्चर मशीन ग्रुप’ याच संस्थेत निकोलस निग्रोपाँटी यांनी १९६७ मध्ये सुरू केला. त्यातूनच १९८५ मध्ये ‘मीडिया लॅब’ उभी राहिली. कोरिया यांचा ॲनिमेशनपट या परंपरेचा थेट पूर्वज नाही. मात्र वापरणाऱ्याला रचनेत सहभागी कसे करून घ्यावे, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

मुंबईतील कार्य

१९५८ मध्ये कोरिया यांनी मुंबईत स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. साबरमती आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालय १९६३ मध्ये पूर्ण झाले. सहा मीटर लांबी-रुंदीच्या चौरस खणांची ही रचना गरजेनुसार वाढवता येते. दिल्लीच्या १९६१ च्या औद्योगिक प्रदर्शनातील हिंदुस्थान लिव्हरचे दालन याहून वेगळे होते. चुरगळलेल्या कागदासारख्या दिसणाऱ्या काँक्रीटच्या कवचातून प्रेक्षकांना उतरणींवरून वर-खाली फिरवत नेणारी ती रचना चालल्याशिवाय समजतच नसे.

नवी मुंबई

१९६४ च्या सुमारास मुंबई महानगराच्या वाढीचा सरकारी आराखडा चर्चेत असताना कोरिया, वास्तुविशारद प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी पर्यायी प्रस्ताव मांडला. दक्षिणोत्तर पसरणाऱ्या मुंबईने उत्तरेकडे आणखी लांबत जाण्याऐवजी खाडी ओलांडून पूर्वेकडे वळावे, असे त्याचे सूत्र होते. १९६५ मध्ये मुल्कराज आनंद संपादित ‘मार्ग’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. राज्य शासनाने तो स्वीकारला आणि मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र आणि ९५ गावे प्रकल्पात आली. सार्वजनिक वाहतुकीच्या मार्गावर ओवलेली अनेक उपनगरे अशी शहराची कल्पना होती.

याही वेळी कोरिया चित्रपटाकडे वळले. फिल्म्स डिव्हिजनसाठी त्यांनी दिग्दर्शित केलेला ‘सिटी ऑन द वॉटर’ (१९७५) हा लघुपट मुंबईची कोंडी आणि खाडीपलीकडील नवे शहर यांविषयी आहे.

प्रस्तावाचा कणा मात्र प्रत्यक्षात आला नाही. राज्य शासनाची मुख्य कार्यालये नव्या शहरात हलवली की रोजगार आणि लोकवस्ती त्यामागे येईल, असा तिघांचा हिशोब होता. मंत्रालय दक्षिण मुंबईतच राहिले आणि त्याच सुमारास नरीमन पॉइंटला भराव घालून कार्यालयांचे मनोरे उभे राहिले. लोकलगाडी वाशीला पोहोचण्यास १९९२ साल उजाडले. ज्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या त्या शेतकऱ्यांना मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढावे लागले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक मृत्युमुखी पडले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. रहिवाशाला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या विचारातून निघालेल्या शहरात मूळ रहिवाशांचीच बाजू दुबळी राहिली, हे या इतिहासातील मोठे वैगुण्य आहे.

बेलापूरची वसाहत

सीबीडी बेलापूर येथील वसाहत (१९८३–८६) ‘आर्टिस्ट व्हिलेज’ या नावाने ओळखली जाते. आठ मीटर लांबी-रुंदीच्या अंगणाभोवती सात घरे, अशा तीन समूहांची २१ घरे बारा मीटरच्या चौकाभोवती, आणि पुढे त्याहून मोठे मोकळे पटांगण अशी तिची चढती मांडणी आहे. भूखंड सुमारे ४५ ते ७५ चौरस मीटरचे आहेत. उत्पन्नात फरक असला तरी भूखंडांच्या आकारात फार तफावत पडू नये, हा त्यामागील उद्देश होता. कोणत्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही. त्यामुळे शेजाऱ्याला धक्का न लावता प्रत्येक कुटुंब आपले घर वाढवू शकते.

रहिवाशांनी या मुभेचा पुरेपूर वापर केला. मूळची उतरत्या छपरांची अनेक घरे पाडून तेथे दुमजली, तिमजली पक्की बांधकामे झाली आहेत. वास्तूचे विद्यार्थी ही वसाहत पाहायला जातात तेव्हा पुस्तकातील छायाचित्रांशी जुळणारी घरे त्यांना शोधावी लागतात. अंगणे आणि चौक मात्र बऱ्याच प्रमाणात टिकून आहेत.

उत्तरायुष्य

कोरिया १९८५ ते १९८८ या काळात राष्ट्रीय नागरीकरण आयोगाचे अध्यक्ष होते. १९८४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या अर्बन डिझाइन रिसर्च इन्स्टिट्यूटचे ते संस्थापक होते. ‘द न्यू लँडस्केप’ (१९८५) आणि ‘अ प्लेस इन द शेड’ (२०१०) ही त्यांची पुस्तके विशेष वाचली जातात. २००५ मध्ये एमआयटीत त्यांनी रचलेले मेंदूविज्ञान संकुल सुरू झाले. त्या इमारतीच्या पोटातून मालगाडीचा जुना रूळ जातो. आगगाड्यांच्या नादाने आराखडे काढू लागलेल्या माणसाच्या वाट्याला ही जागा यावी, हा योगायोगच.

२०१३ मध्ये त्यांनी सहा हजारांहून अधिक रेखाटनांचा संग्रह लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्स या संस्थेला दिला. १६ जून, २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

सन्मान

भारत सरकारने त्यांना पद्मश्री (१९७२) आणि पद्मविभूषण (२००६) हे किताब दिले. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सचे सुवर्णपदक (१९८४), जपानचा प्रीमियम इम्पेरियाले (१९९४) आणि भोपाळच्या विधानभवनासाठी आगा खान पुरस्कार (१९९८) हे त्यांना मिळालेले अन्य सन्मान होत. वास्तुकलेच्या पदवी अभ्यासक्रमातील उत्कृष्ट विद्यार्थी-प्रबंधासाठी त्यांच्या नावाने सुवर्णपदक दिले जाते.