डेव्हिड ओगिल्व्ही : दारोदारच्या विक्रीतून घडलेला जाहिरातगुरू

विक्री, बाजारसंशोधन, जाहिरातलेखन, ब्रँड व्यवस्थापन ही विपणनाची अंगे आज व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांत स्वतंत्र विषय म्हणून शिकविली जातात. त्यांतून एकाची निवड करताना विद्यार्थ्यांची आणि पालकांचीही ओढाताण होते. निवड चुकली तर उमेदीची वर्षे वाया जातील, ही धास्ती त्यामागे असते. विसाव्या शतकातील जाहिरातविश्वावर ठसा उमटविणारे डेव्हिड ओगिल्व्ही यांचा जीवनक्रम या संदर्भात लक्षात घेण्याजोगा आहे. १९४८मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये जाहिरातसंस्था उभी केली, तेव्हा ते सदतीस वर्षांचे होते. हाती पदवी नव्हती आणि बँकेत जेमतेम ६ हजार डॉलर होते. मागे होती ती एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या नोकऱ्यांची मालिका.

ओगिल्व्ही यांचा जन्म २३ जून १९११ रोजी इंग्लंडमधील सरे परगण्यातील वेस्ट हॉर्स्ली येथे झाला. वडील स्कॉटिश, प्राचीन भाषांचे व्यासंगी. पण आर्थिक व्यवहारांत ठोकर खाल्लेले. घरची ओढगस्त असल्याने डेव्हिड यांचे शिक्षण शिष्यवृत्त्यांवरच झाले. एडिंबरोच्या फेट्स कॉलेजमधून ते १९२९मध्ये ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात इतिहासाच्या अभ्यासासाठी दाखल झाले. अभ्यासात मात्र मन रमले नाही आणि १९३१मध्ये पदवी न घेताच त्यांनी ऑक्सफर्ड सोडले. स्वतःच्या आयुष्यातील हे मोठे अपयश असल्याची खंत त्यांनी पुढे कधी लपविली नाही.

ऑक्सफर्डनंतर त्यांनी थेट पॅरिस गाठले आणि हॉटेल मॅजेस्टिकच्या भटारखान्यात उमेदवारी पत्करली. तेथील मुख्य आचारी पिटार हे अत्यंत कडक शिस्तीचे होते. कामाचा दर्जा जराही घसरलेला त्यांना खपत नसे आणि त्यांच्या हाताखालच्या लोकांना त्याच शिस्तीचा अभिमान वाटे. माणसांकडून उत्तम काम कसे करवून घ्यावे, याचा पहिला धडा ओगिल्व्ही यांना या भटारखान्यात मिळाला. मात्र श्रम प्रचंड आणि मिळकत तुटपुंजी असल्याने वर्षभरातच ते ब्रिटनला परतले.

त्यानंतर त्यांनी स्कॉटलंडमध्ये दारोदार फिरून ‘आगा’ चुली विकण्यास सुरुवात केली. नोबेल पारितोषिकविजेते स्वीडिश शास्त्रज्ञ गुस्ताफ दालेन यांनी तयार केलेली ही बिडाची चूल अहोरात्र पेटती राहत असे. इंधन कमी लागे, पण किंमत भारी होती. ऐन मंदीच्या काळात अशी महाग वस्तू अनोळखी घराच्या उंबरठ्यावर उभे राहून विकणे सोपे नव्हते. गिऱ्हाईक कोणत्या शब्दाला कान टवकारते आणि कोणत्या क्षणी दार लावून घेते, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. त्यांची विक्री एवढी वाढली, की १९३५मध्ये कंपनीने त्यांच्याकडून इतर विक्रेत्यांसाठी मार्गदर्शक पुस्तिका लिहवून घेतली. गिऱ्हाइकाची आधी माहिती काढावी, ठरावीक साच्याचे बोलणे टाळावे, आक्षेपांची उत्तरे तयार ठेवावीत, असा व्यवहारी उपदेश तीत होता. पुढे ‘फॉर्च्युन’ नियतकालिकाने विक्रीवरील सर्वोत्कृष्ट पुस्तिका म्हणून तिचा गौरव केला.

ही पुस्तिकाच त्यांच्या पुढील नोकरीची शिफारस ठरली. थोरले बंधू फ्रान्सिस लंडनच्या ‘मॅथर अँड क्राउदर’ या जाहिरातसंस्थेत होते. त्यांनी ती वरिष्ठांना दाखविली आणि डेव्हिड यांना तेथे काम मिळाले. ओगिल्व्ही यांच्या यशात या बंधुप्रेमाचा वाटा निश्चितच आहे. पण दाखविण्याजोगे काम आधी त्यांनी स्वतःच केलेले होते.

१९३८मध्ये ते अमेरिकेला गेले आणि प्रिन्स्टन येथे जॉर्ज गॅलप यांच्या प्रेक्षक-संशोधन संस्थेत रुजू झाले. चित्रपटाचा विषय, शीर्षक आणि कलाकार यांना प्रेक्षक कसा प्रतिसाद देतील, याचा अंदाज सर्वेक्षणातून हॉलिवूडच्या निर्मात्यांना देण्याचे हे काम होते. उंबरठ्यावर एकेका माणसाचे मन जाणून घेणाऱ्या ओगिल्व्ही यांना आता हजारोंचे मन मोजण्याचे तंत्र गवसले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ब्रिटिश गुप्तवार्ता विभागासाठी आणि वॉशिंग्टनच्या वकिलातीत काम केले. युद्धानंतर पेनसिल्व्हेनियात, साधेपणाने राहणाऱ्या आमिश शेतकऱ्यांच्या शेजारी, त्यांनी शेती करून पाहिली. तिच्यावर निर्वाह होणार नाही, हे काही काळातच स्पष्ट झाले.

‘मॅथर अँड क्राउदर’ व ‘बेन्सन’ या लंडनच्या संस्थांच्या पाठबळावर १९४८मध्ये नवी संस्था निघाली, तेव्हा ओगिल्व्ही यांच्याकडे संशोधनाची जबाबदारी होती. १९५१मध्ये हॅथवे शर्टांसाठी त्यांनी डोळ्यावर काळी पट्टी बांधलेला रुबाबदार पुरुष छायाचित्रात उभा केला. ती पट्टी का, या कुतूहलाने वाचक मजकुराकडे वळले आणि लहानशी कंपनी देशभर परिचित झाली. ‘डव्ह’ साबण हात धुण्याच्या मळकट कामासाठी विकावा, की कोरड्या त्वचेच्या स्त्रियांसाठी, या प्रश्नावर त्यांनी दुसरा पर्याय निवडला आणि त्यातील एक चतुर्थांश क्लीन्सिंग क्रीमवर भर दिला. रोल्स रॉइसच्या १९५८मधील प्रसिद्ध जाहिरातीसाठी ते तीन आठवडे केवळ गाडीविषयी वाचत होते. ताशी ६० मैलांच्या वेगातही गाडीत सर्वांत मोठा आवाज घड्याळाचा येतो, हा मथळा त्यांना एका तांत्रिक परीक्षणात सापडला.

ग्राहकाच्या बुद्धीला कमी लेखणारी जाहिरात त्यांना मान्य नव्हती. भरपूर माहिती द्यावी, तिची परीक्षा घ्यावी आणि विक्री होते का ते पाहावे, हा त्यांचा आग्रह. १९६३मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कन्फेशन्स ऑफ अ‍ॅन अ‍ॅडव्हर्टायझिंग मॅन’ या पुस्तकातून तो सर्वत्र पोहोचला. स्वतःची मतेही ते पुराव्यावर पारखून घेत. विनोदाने माल खपत नाही, असे वर्षानुवर्षे मानल्यानंतर संशोधन उलट सांगू लागताच १९८३च्या पुस्तकात त्यांनी मत बदलले.

१९७३मध्ये निवृत्त होऊन ते फ्रान्समधील तूफू येथील आपल्या गढीत राहू लागले. १९८०च्या दशकात काही काळ संस्थेच्या भारतीय शाखेचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. आयुष्यभर जपलेली संस्था १९८९मध्ये त्यांच्या इच्छेविरुद्ध ‘डब्ल्यूपीपी’ समूहाने ताब्यात घेतली. पुढे त्याच समूहाचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. २१ जुलै १९९९ रोजी तूफू येथेच त्यांचे निधन झाले.

भटारखान्याने ओगिल्व्ही यांना दर्जा शिकविला, दारोदारच्या विक्रीने माणूस शिकविला आणि गॅलप यांच्या संस्थेने पुरावा शिकविला. यांतील कोणतीही नोकरी त्यांनी जाहिरातगुरू होण्यासाठी धरली नव्हती. पण प्रत्येक ठिकाणी मन लावून काम केल्याने सदतिसाव्या वर्षी ते रिकाम्या हाताने आले नाहीत. विपणनाचे कोणतेही दालन निवडले, तरी ग्राहकाच्या उंबरठ्यावर कधीतरी उभे राहावेच लागते, हे त्यांच्या कारकिर्दीचे सार आहे.