डावखुऱ्या हातांचा ध्यास

शास्त्रीय संगीत ऐकत वाढलेल्या माझ्यासारख्याला रॉक म्हणजे निव्वळ गोंगाट वाटायचा. परवा नातवानं हेडफोन कानाला लावून दिला आणि जिमी हेंड्रिक्सची गिटार ऐकवली. मग या माणसाविषयी मिळेल ते वाचत सुटलो.

जिमीचा जन्म २७ नोव्हेंबर १९४२ चा, अमेरिकेतल्या सिएटलचा. घरात गरिबी. पंधराव्या वर्षी आई गेली. त्याच सुमारास एक जुनी गिटार हाती आली. पोरगा डावखुरा, म्हणून उजव्यांची गिटार उलटी धरून, तारांचा क्रम बदलून वाजवू लागला. स्वरलेखन त्याला कधीच वाचता आलं नाही. काही काळ लष्करात छत्रीधारी सैनिक, मग इतर गायकांच्या मागं साथ. १९६६ साली चॅस चँडलर यांनी त्याला लंडनला नेलं. तिथं बासवर नोएल रेडिंग, ड्रमवर मिच मिचेल आणि जिमी असं त्रिकूट जमलं.

१९६७ मध्ये मॉन्टेरेच्या महोत्सवात त्यानं गिटार पेटवली, हे सर्वांना ठाऊक असतं. मला मात्र स्टुडिओतला जिमी मोठा वाटतो.

जानेवारी १९६८. लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत बॉब डिलनचं ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ मुद्रित होत होतं. मूळ गाणं जेमतेम महिन्यापूर्वी बाजारात आलेलं, अगदी साधं. टेपवर ट्रॅक चारच; ध्वनिमुद्रक एडी क्रेमर. जिमीचं समाधान होईना. पुन्हा, पुन्हा, पुन्हा! कंटाळून रेडिंग उठून गेला, तेव्हा बासही जिमीनंच वाजवला. पुढं ती टेप न्यूयॉर्कला गेली. तिथं आधी बारा, मग सोळा ट्रॅकवर उतरवून त्यानं गिटारचे नवे थर चढवले, जुने पुसले.

मधला गिटारचा भाग नीट ऐका. आधी मोकळे, स्वच्छ स्वर. मग तारेवरून घसरत जाणारी, आपल्या मींडेची आठवण देणारी सुरावट. नंतर पायाखालच्या वा-वा पेडलनं बोलकी झालेली गिटार आणि शेवटी भरदार झंकार. चार तऱ्हेचे आवाज, पण जोड कुठं दिसत नाही. मिश्रणाचं कसब ते हेच.

सप्टेंबर १९६८ मध्ये गाणं आलं. ब्रिटनमध्ये पाचव्या क्रमांकावर गेलं. खुद्द डिलन पुढं ते जिमीच्या वळणानं गाऊ लागले.

या ध्यासाची किंमतही होती. त्याच वर्षी अशा अंतहीन मुद्रणांना विटून चँडलर दूर झाले. १९६९ मध्ये रेडिंगनं साथ सोडली. ऑगस्ट १९७० मध्ये जिमीचा स्वतःचा स्टुडिओ न्यूयॉर्कमध्ये सुरू झाला. तिथं घड्याळाकडं न बघता काम करता आलं असतं. पण १८ सप्टेंबरला लंडनमध्ये झोपेच्या गोळ्यांच्या अतिसेवनानं तो गेला. वय अवघं सत्तावीस.

आमच्या पिढीला रियाझाचं मोल सांगावं लागत नाही. ते या गोंगाटातही असतं, हे कळायला मला नातू भेटावा लागला.