नगरपालिकेतले महात्मा फुले : शहराचा पैसा आधी कुठे?



महात्मा फुले म्हटलं की मुलांना 1848 ची भिडेवाड्यातली मुलींची शाळा आठवते. निबंधातही बहुतेक तेवढंच येतं. पण जोतीराव पुणे नगरपालिकेचे सदस्यही होते, हे किती जणांना ठाऊक असतं? आज त्यांच्या आयुष्यातला तोच भाग पाहूया. नागरिकशास्त्रातला अंदाजपत्रकाचा रुक्ष धडा त्यातून छान समजावता येतो.

जोतीरावांचा जन्म 1827 चा. घराणं फुलांचा व्यवसाय करणारं. शाळा चालवायच्या, तर पोटापाण्याची सोय स्वतःच करायला हवी, म्हणून त्यांनी बांधकामाची कंत्राटं घेतली. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल अशा कामांशी त्यांचा संबंध होता. मांजरीला त्यांची शेतीही होती. म्हणजे बघा, बांधकामाला किती पैसा लागतो आणि शेतातली भाजी शहरात कशी पोचते, या दोन्ही गोष्टी त्यांना पक्क्या माहीत होत्या.

1876 मध्ये त्यांची नगरपालिकेवर नेमणूक झाली. त्या काळी पालिकेच्या उत्पन्नाचा मोठा आधार म्हणजे जकात. शहरात येणाऱ्या मालावर नाक्यावरच कर घेतला जाई. तो भरला व्यापाऱ्याने, तरी शेवटी मालाच्या किमतीतच मिसळायचा. म्हणजे गरिबातला गरीबही पालिकेच्या तिजोरीत भर घालत होता. मग त्या तिजोरीतून त्याला काय मिळत होतं? जोतीरावांचा सगळा झगडा याच प्रश्नाभोवती आहे.

व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार, म्हणून शहर सजवायचं ठरलं. खर्च एक हजार रुपये. जोतीरावांचं म्हणणं, हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या. ठराव मंजूर झाला. विरोधी मत एकट्या जोतीरावांचं पडलं.

पुढे मंडईचा विषय आला. तोवर भाजीबाजार शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरत असे. त्यासाठी मोठी दगडी इमारत बांधायची योजना होती. जोतीरावांनी तिलाही विरोध केला. मंडई वाईट, असं नव्हे. शहरातली असंख्य मुलं शाळेबाहेर असताना एवढी मोठी रक्कम आधी इमारतीत घालावी का, हा त्यांचा सवाल होता.

इथे मुलांना दोन शब्द समजावून सांगा. एकदाच मोठी रक्कम घालून वर्षानुवर्षं टिकणारं काही उभं करणं, जसं पूल, जलवाहिनी किंवा मंडई, हा भांडवली खर्च. पगार, दिवाबत्ती, झाडलोट असा दरवर्षी येणारा तो महसुली खर्च. शाळा दोन्हीकडे मोडते: इमारत पहिल्यात, शिक्षकाचा पगार दुसऱ्यात. आणि गंमत अशी, की इमारतीवर उद्घाटनाची पाटी लागते, पगारावर कधी लागत नाही! म्हणून सभागृहात इमारतीची बाजू घेणारे पुष्कळ भेटतात.

जोतीराव नुसता विरोध करून थांबले नाहीत. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी मार्गही सुचवला. मोठ्या शहरांतल्या नगरपालिकांनी आपल्या हद्दीतल्या प्राथमिक शाळांचा सगळा खर्च उचलावा. देखरेख मात्र शिक्षण खात्याची असावी. पैसा कुणाचा आणि जबाबदारी कुणाची, हे इतकं स्पष्ट मांडलेलं होतं.

मंडई व्हायची ती झालीच. 1886 मध्ये ती सुरू झाली आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने रे मार्केट म्हणून ओळखली जाऊ लागली. शेतकऱ्याच्या मालाला डोक्यावर छप्परही मिळालं, हे मान्य करायला हवं. 1890 मध्ये जोतीराव गेले. पुढे आचार्य अत्रे पालिकेत असताना त्याच इमारतीला महात्मा फुले मंडई हे नाव मिळालं. ज्या खर्चाला त्यांनी विरोध केला, त्यावरच आज त्यांचं नाव आहे!

वर्गात एक उपक्रम करून बघा. आपल्या गावच्या किंवा शहराच्या अंदाजपत्रकातली ठळक कामं फळ्यावर लिहा आणि मुलांना क्रम लावायला सांगा: आधी काय, नंतर काय, आणि का? मुलं भांडतील, भांडू द्या. तुमच्या वर्गात पहिला क्रमांक कशाला मिळाला, ते आम्हालाही जरूर कळवा.