डॉ. हिदेयो नोगुची : पीतज्वराने चकवलेला संशोधक

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील आक्रा शहरात २१ मे १९२८ रोजी विख्यात जपानी जीवाणुशास्त्रज्ञ डॉ. हिदेयो नोगुची यांचे पीतज्वराने निधन झाले. या रोगाचे कारण आपल्याला सापडले आहे, असे प्रतिपादन त्यांनी अनेक वर्षे केले होते. त्याच रोगाने वयाच्या ५१ व्या वर्षी त्यांचा बळी घेतला आणि त्यांचे प्रतिपादन चुकीचे असल्याचेही तोवर स्पष्ट होऊ लागले होते.

नोगुची यांचा जन्म ९ नोव्हेंबर १८७६ रोजी जपानमधील फुकुशिमा प्रांतातील इनावाशिरो येथे एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणी घरातील चुलीत पडल्याने त्यांचा डावा हात भाजला आणि बोटे एकमेकांना चिकटली. शेतीचे काम त्या हाताने होणार नाही हे ओळखून आई शिका यांनी काबाडकष्ट करून मुलाला शिकवले. शिक्षक आणि सहाध्यायी यांनी जमवलेल्या पैशांतून पुढे हातावर शस्त्रक्रिया झाली. तिचा परिणाम पाहून या मुलाने वैद्यक शिकण्याचा निश्चय केला. १८९७ मध्ये ते वैद्यकीय परीक्षा उत्तीर्ण झाले आणि नंतर तोक्यो येथे शिबासाबुरो कितासातो यांच्या संस्थेत काम करू लागले.

१९०० मध्ये ते अमेरिकेत डॉ. सायमन फ्लेक्सनर यांच्याकडे दाखल झाले. सापाच्या विषाचा रक्तावर होणारा परिणाम हा त्यांच्या तेथील संशोधनाचा पहिला विषय होता. १९०४ पासून त्यांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत काम केले. पक्षाघात आणि बुद्धिभ्रंश झालेल्या रुग्णांच्या मेंदूत सिफिलिसचे जंतू असतात, हे १९१३ मध्ये दाखवून देणे ही त्यांची सर्वांत भक्कम कामगिरी मानली जाते. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले. मात्र सिफिलिसच्या चाचणीसाठी रुग्ण आणि अनाथ मुलांवर केलेल्या प्रयोगांबद्दल त्यांच्यावर कठोर टीकाही झाली. त्यांचे काही निष्कर्ष इतर प्रयोगशाळांना पडताळता आले नाहीत.

१९१८ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानच्या पथकाबरोबर ते इक्वेडोरमधील ग्वायाकिल या बंदरात गेले. पीतज्वर डासांमुळे पसरतो आणि त्याचे कारक जीवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही पार होते, हे वॉल्टर रीड यांच्या पथकाने त्यापूर्वीच सिद्ध केले होते. नोगुची यांना ग्वायाकिलमधील रुग्णांच्या रक्तापासून मळसूत्रासारखा एक जीवाणू मिळाला. तो लेप्टोस्पायरा वर्गातला होता आणि इतका बारीक, की गाळणीतून पार होऊ शकत असे. हाच पीतज्वराचा जंतू, असे त्यांनी जाहीर केले. त्यावर आधारित लसही दक्षिण अमेरिकेत दिली जाऊ लागली.

ही चूक कशी झाली, हे समजण्यासाठी रोगाचे स्वरूप पाहावे लागते. पीतज्वराच्या बहुतेक रुग्णांचा ताप तीन-चार दिवसांत उतरतो. सुमारे १५ टक्के रुग्णांत मात्र अल्प विश्रांतीनंतर तो उलटतो आणि रोग यकृतावर आघात करतो. डोळे व त्वचा पिवळी पडतात. रक्त गोठवणारी बहुतेक प्रथिने यकृतातच तयार होतात. यकृताच्या पेशी मरू लागल्या, की फायब्रिनोजेनसह या प्रथिनांचा पुरवठा आटतो. त्याच वेळी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत ठिकठिकाणी गुठळ्या होतात आणि उरलेली प्रथिने व रक्तबिंबिका त्यांत खर्ची पडतात. रक्तबिंबिकांची संख्या घटते आणि कार्यही बिघडते. परिणामी हिरड्या व नाकातून रक्त येते. जठरात साचलेले रक्त आम्लामुळे काळे पडून उलटीवाटे बाहेर पडते. या अवस्थेत पोहोचलेल्या रुग्णांपैकी सुमारे निम्मे दगावतात.

कावीळ, मूत्रपिंडांचा बिघाड आणि रक्तस्राव ही लक्षणे गंभीर लेप्टोस्पायरोसिसमध्येही दिसतात. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईकरांना या रोगाची चांगलीच ओळख झाली. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून तो पसरतो. नोगुची यांनी तपासलेल्या काही रुग्णांना मुळात हाच रोग झालेला असावा, असे आता मानले जाते. बाह्य लक्षणे सारखी असली, तरी कारणे सर्वस्वी भिन्न होती.

१९२६ मध्ये मॅक्स थायलर आणि अँड्र्यू सेलर्ड्स यांनी नोगुचींचा जीवाणू लेप्टोस्पायरोसिसच्या जंतूहून वेगळा नसल्याचे दाखवले. १९२७ मध्ये एड्रियन स्टोक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम आफ्रिकेत असिबी नावाच्या रुग्णाचे रक्त भारतात आढळणाऱ्या ऱ्हिसस जातीच्या माकडाला टोचले. माकडाला पीतज्वर झाला आणि रोगाचे कारण विषाणू असल्याचे सिद्ध झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्टोक्स लागोस येथे पीतज्वराने मरण पावले.

आपला निष्कर्ष स्वतः पडताळण्यासाठी नोगुची नोव्हेंबर १९२७ मध्ये आक्रा येथे पोहोचले. डॉ. विल्यम यंग यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी माकडांवर अहोरात्र प्रयोग केले. मे महिन्यात ते आजारी पडले आणि त्यातून उठले नाहीत. त्यानंतर दहा दिवसांच्या आत यंग यांनाही याच रोगाने मृत्यू आला. नोगुची यांचे दफन न्यूयॉर्क येथे करण्यात आले.

असिबी यांच्या रक्तातील विषाणूपासूनच थायलर यांनी १९३७ मध्ये लस सिद्ध केली. त्यासाठी १९५१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आजही हीच लस वापरली जाते. रोग जडल्यावर विषाणूवर मारा करणारे खात्रीचे औषध अद्याप नाही. हा रोग पसरवणारा एडिस इजिप्ती डास भारतात सर्वत्र आहे, मात्र रोग नाही. म्हणूनच बाधित देशांतून भारतात येणाऱ्या प्रवाशांना लसीकरणाचे प्रमाणपत्र सक्तीचे आहे.

घानामध्ये १९७९ मध्ये स्थापन झालेली वैद्यकीय संशोधन संस्था नोगुची यांच्या नावाने कार्यरत आहे. जपानने २००४ मध्ये एक हजार येनच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले. २०२४ मधील नव्या नोटेवर त्यांच्या जागी कितासातो यांचे चित्र आले. नोगुची यांनी सांगितलेले पीतज्वराचे कारण विज्ञानाने नाकारले. मात्र ते पडताळून पाहण्यासाठी रोगाच्या घरी जाण्याची त्यांची तयारी होती आणि त्यांनी तिची किंमत प्राणांनी चुकवली.