नंगा पर्वतावरचा हिवाळा

मुलांनो, तुम्ही बर्फ कुठे पाहिला आहे? आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे बर्फ म्हणजे गोळ्याच्या गाडीवरचा. मे महिन्यात इथला पारा 45 अंशांवर जातो. तरीही चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी मे 2018 मध्ये एव्हरेस्ट शिखरावर पोहोचले. त्यांच्या सरावाचा काही भाग दार्जिलिंगला झाला. याच गावात 1954 साली गिर्यारोहण शिकवणारी संस्था सुरू झाली. बर्फावर कसे चालावे, हे तिथे प्रत्यक्ष शिकवणारे पहिले प्रमुख होते तेनसिंग नोर्गे.

29 मे 1953 रोजी एडमंड हिलरी यांच्यासोबत तेनसिंग एव्हरेस्टवर चढले, हे तुम्हांला ठाऊक असेल. पण आज त्यांची दुसरी गोष्ट वाचा. या गोष्टीत ते शिखरावर पोहोचत नाहीत.

तेनसिंग यांचा जन्म 1914 च्या सुमारास एका गरीब शेर्पा कुटुंबात झाला. तरुणपणी ते दार्जिलिंगला आले आणि 1935 साली पहिल्यांदा एव्हरेस्टच्या मोहिमेत ओझी वाहायला गेले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, पण हिंदुस्तानीसह अनेक भाषा ते बोलत.

1950 च्या नोव्हेंबरात थॉर्नली, क्रेस आणि मार्श हे तीन इंग्रज नंगा पर्वताकडे निघाले. हा पर्वत 8126 मीटर उंच आहे. थंडीच्या दिवसांत तिथला बर्फ कसा वागतो, कडे केव्हा कोसळतात, हे त्यांना पाहायचे होते. तेनसिंग त्यांच्या शेर्पांचे सरदार होते. हा पर्वत किती घातकी आहे, हे शेर्पा विसरले नव्हते. 1937 च्या जून महिन्यात इथेच रात्री तंबूंवर बर्फ कोसळला होता. त्यात सात जर्मन आणि नऊ शेर्पा, असे सोळा जण गाडले गेले होते.

बर्फ असा अचानक का कोसळतो? घरी एक प्रयोग करून पाहा. एका फळीवर धान पसरा आणि त्यावर दुसरी जड फळी ठेवा. आता खालची फळी हळूहळू तिरपी करा. एका क्षणी वरची फळी घसरेल. डोंगरावरही असेच होते. खालचा थर कोरडा आणि भुसभुशीत असतो. त्यावर नवा बर्फ पडतो, वारा तो दाबून घट्ट करतो. मग एका माणसाच्या वजनानेही सगळा उतार सुटतो. यालाच हिमस्खलन म्हणतात. 30 ते 45 अंशांचे उतार सर्वांत धोक्याचे. बर्फाखाली सापडलेल्या माणसाला पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढले, तर तो वाचण्याची आशा बरीच असते. त्यानंतर ती झपाट्याने कमी होते. आज गिर्यारोहक अंगावर संदेश देणारे यंत्र बांधतात, जवळ फावडे ठेवतात आणि धोक्याचा उतार एकेकटे ओलांडतात. 1950 साली असली यंत्रे नव्हती.

भर थंडीत वर जायला शेर्पांनी नकार दिला, आणि तेनसिंग त्यांच्या बाजूने उभे राहिले. मजुरीवर घर चालवणाऱ्या माणसाला साहेबाला नाही म्हणणे किती जड जाते, याचा विचार करा. तिघे इंग्रज मात्र वर गेले. मार्श यांचे पाय थंडीने बधिर झाले, म्हणून ते परतले. बाकीचे दोघे वरच राहिले. खालून त्यांचा तंबू दिसत असे. डिसेंबरातल्या एका सकाळी तो दिसेनासा झाला.

तेव्हा तेनसिंग स्वतःहून वर निघाले. जिथे जायला त्यांनी नकार दिला होता, तिथेच ते दोघांना शोधायला गेले. पण बर्फ इतका खोल होता की पाऊल टाकणेही कठीण झाले. शेवटी ते मागे वळले. थॉर्नली आणि क्रेस यांचे काय झाले, हे कुणालाच कळले नाही.

तेनसिंग भित्रे होते, असे तुम्हांला वाटते का? 1953 साली हिलरी बर्फाच्या भेगेत पडले, तेव्हा तेनसिंग यांनीच कुऱ्हाड बर्फात रोवून दोर आवळून धरला होता.

पुढे अनेक वर्षे त्यांनी दार्जिलिंगला तरुणांना शिकवले. 9 मे 1986 रोजी ते वारले. त्याच संस्थेच्या आवारात त्यांची समाधी आहे.