डॉ. वसंत रामजी खानोलकर

शेतकरी दुपारी बांधावर टेकला, की तळहातावर तंबाखू आणि चुना मळून त्याची चिमूट गालात धरतो. सोलापूरच्या कापडगिरण्या चालू होत्या, तेव्हा कित्येक कामगारांचीही हीच सवय होती. या चिमटीने भूक मरते व शीण जातो, अशी समजूत. तिच्यात काही धोका असेल, ही शंका फारच थोड्यांना येई. त्या चिमटीचा माग प्रयोगशाळेत बसून ज्यांनी चिकाटीने काढला, ते डॉ. वसंत रामजी खानोलकर होत.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी एका गोमंतकीय कुटुंबात झाला. १९२३ साली लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी त्यांनी मिळविली. रोगामुळे शरीराच्या घटकांत कोणते बदल होतात, याचा अभ्यास करणारे शास्त्र ते विकृतिशास्त्र. विलायतेहून परतलेल्या डॉक्टरास दवाखाना थाटून धन मिळविणे अवघड नव्हते; पण खानोलकरांनी मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन पत्करले.

१९४१ साली मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा खानोलकरांकडे आली. रुग्णाच्या व्रणाचा लहानसा तुकडा तेथे येई. तो मेणात बसवून त्याचे केसाहूनही पातळ काप घेत, ते रंगवीत आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. निरोगी पेशी कशा शिस्तीने रचलेल्या असतात! कर्करोगाच्या पेशी मात्र वेड्यावाकड्या वाढतात व शेजारच्या भागात घुसतात. काचेवरील हे चित्र रोगाचे नाव सांगे. तो का झाला, हे मात्र सांगत नसे. युरोपात तोंडाचा कर्करोग त्या मानाने थोडा. मग आपल्याकडे तो इतका का? हा दैवाचा कोप म्हणावा, की आणखी काही?

खानोलकरांनी सूक्ष्मदर्शकाइतकेच महत्त्व चौकशीला दिले. रुग्ण काय खातो, काय चघळतो, विडी ओढतो की नाही, यांकडे त्यांनी लक्ष पुरविले. १९४४ साली त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी सूर्याबाई या सहकारिणीसह त्यांनी आणखी एक लेख लिहिला. बिहारकडे खैनी, म्हणजे चुन्यात मळलेली तंबाखू, खालच्या ओठाच्या आत धरतात. रोग नेमका तेथेच उद्भवलेला दिसे. ज्या जागी चिमूट, त्या जागी व्रण! कमरेशी धोतर वर्षानुवर्षे घट्ट आवळल्याने त्वचेला होणाऱ्या कर्करोगाचेही वर्णन त्या लेखात आहे. (तुमचे आजोबा धोतर नेसत असतील, तर घाबरू नका, हा रोग अगदी विरळा.) १९५५ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या सवयी इतर माणसांच्या सवयींशी ताडून पाहिल्या. तंबाखू चघळण्याचा संबंध मुख्यतः तोंडाच्या, तर ओढण्याचा संबंध घशाच्या कर्करोगाशी दिसून आला. नुसती सुपारीदेखील घातक ठरते, हे पुढे इतरांच्या संशोधनातून सिद्ध झाले.

रोगाचे मूळ सवयीत असेल, तर तो टाळताही येईल. उपचारासाठी त्या काळी मुख्यतः शस्त्रक्रिया आणि किरण एवढीच साधने हाती असताना हा शोध किती मोलाचा होता, हे सहज ध्यानात येईल.

१९५२ साली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले; खानोलकर त्याचे पहिले संचालक. त्यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच. डी. झालेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी तेथे जिवंत पेशी शरीराबाहेर काचपात्रात वाढविण्याची प्रयोगशाळा उभारली. कुष्ठरोगावरील खानोलकरांचे कामही मोठे आहे. त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपदही मिळाले. १९७८ साली त्यांचे निधन झाले.

रुग्णांची नीट नोंद ठेवून रोगाचा माग काढण्याचे काम पुढे खेड्यांतही पोहोचले. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली ग्रामीण भागासाठी देशातील पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिचे कार्यकर्ते गावोगाव फिरत, लोकांना एकत्र बोलावून रोगाची लक्षणे समजावीत आणि ज्याच्याविषयी शंका येई, त्यास तपासणीसाठी बार्शीच्या रुग्णालयात येण्यास सांगत.