विश्लेषण : घरगुती सीएनसी राउटर अॅल्युमिनियमसमोर का थरथरतो? उत्तर दोनशे वर्षांपूर्वीच्या हेन्री मॉडस्लेंकडे!

घरच्या टेबलावर मावेल एवढा सीएनसी राउटर आता हौशी मंडळीही बांधतात. लाकूड आणि अॅक्रिलिक तो सहज कापतो. अॅल्युमिनियमची पट्टी लावली की मात्र यंत्र थरथरते, कडेवर लाटा उमटतात आणि टूल मोडते. अशा वेळी अनेक जण सॉफ्टवेअरच्या सेटिंग बदलत बसतात. खरी अडचण बहुतेकदा सांगाड्यात आणि स्क्रूमध्ये असते. हेन्री मॉडस्ले या इंग्रज कारागिराने याच दोन गोष्टींवर आयुष्य वेचले.

मॉडस्ले कोण होते?

२२ ऑगस्ट १७७१ रोजी लंडनजवळच्या वुलिच येथे त्यांचा जन्म झाला. वडील तिथल्या लष्करी शस्त्रागारात नोकरीला होते. ते लवकर वारले आणि हेन्री वयाच्या बाराव्या वर्षी त्याच शस्त्रागारात काडतुसांत दारू भरू लागले. पुढे ते सुतारकामाकडे आणि तिथून लोहारकामाकडे वळले. छिन्नी आणि कानस चालवण्यात त्यांचे नाव झाले. अठराव्या वर्षी प्रसिद्ध कुलूपकार जोसेफ ब्रामा यांनी त्यांना कामावर घेतले.

नोकरी का सोडली?

ब्रामा यांचे कुलूप चोराला उघडणे कठीण होते, तसेच कारागिराला बनवणेही. मॉडस्लेंनी त्याचे बारीक भाग अचूक कापणारी यंत्रे तयार केली. ते कारखान्याचे प्रमुख झाले, पण पगार आठवड्याला ३० शिलिंगच राहिला. संसार वाढला होता. पगारवाढ नाकारली गेली, तेव्हा १७९७ मध्ये त्यांनी ऑक्सफर्ड स्ट्रीटजवळ स्वतःचे छोटे वर्कशॉप थाटले.

त्यांनी नेमके काय बदलले?

तोवर लेथवर टर्नर बहुधा टूल हातात धरून काम करत असे. आटे हाताच्या अंदाजाने पाडले जात, त्यामुळे एका बोल्टचा नट दुसऱ्याला बसेलच याची खात्री नसे. मॉडस्लेंनी टूल धातूच्या सरकत्या बैठकीत पक्के बसवले. ती बैठक लीड स्क्रूने सरकू लागली आणि हा स्क्रू गिअरने लेथच्या फिरत्या स्पिंडलशी जोडला गेला. गिअर बदलले की वेगळ्या पिचचे आटे मिळत. यातली प्रत्येक कल्पना सर्वस्वी त्यांची नव्हती. साधारण १८०० च्या सुमारास या सगळ्यांना मजबूत धातूच्या सांगाड्यावर एकत्र आणून रोजच्या वापराचे यंत्र घडवणे, हे त्यांचे काम.

लीड स्क्रूतली चूक कापलेल्या प्रत्येक भागात उतरते, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून ते स्क्रू पुन्हा पुन्हा सुधारत राहिले. त्यांचा मायक्रोमीटर इंचाच्या दहा हजाराव्या भागापर्यंत, म्हणजे सुमारे अडीच मायक्रॉनपर्यंत मोजत असे. मापावरून वाद झाला की अंतिम निवाडा त्याचाच, म्हणून त्याला ‘लॉर्ड चॅन्सेलर’ हे नाव पडले.

याचा फायदा कुणाला झाला?

ब्रिटिश नौदलाला जहाजांसाठी हजारो लाकडी कप्प्या लागत. मार्क ब्रुनेल यांनी आखलेली यंत्रे मॉडस्लेंनी पोर्ट्समथसाठी बांधली. आधी ११० कारागिरांना लागणारे काम त्यानंतर १० माणसे करू लागली, असे सांगितले जाते.

आजच्या राउटरशी संबंध काय?

सरकत्या बैठकीच्या जागी आज लिनिअर रेल आहे, लीड स्क्रूच्या जागी बॉल स्क्रू आणि गिअरच्या जागी स्टेपर मोटर व प्रोग्रॅम. ५ मिमी पिचच्या स्क्रूवर २०० स्टेपची मोटर एका स्टेपला ०.०२५ मिमी सरकते. पण नटमध्ये ०.१ मिमी ढिलाई असेल तर हा हिशेब कागदावरच राहतो. साध्या राउटरमध्ये टूल खरोखर कुठे पोहोचले, हे कंट्रोलरला कळतच नाही.

आकार लहान ठेवण्याचे कारणही हेच. भार आणि जाडी तीच ठेवून आडव्या तुळईची लांबी निम्मी केली, तर ती आठपट कमी वाकते. अॅल्युमिनियमचा कीस टूलला चिकटतो, म्हणून थर पातळ घ्यावा आणि हवेच्या झोताने कीस बाजूला काढावा.

पुढे काय झाले?

मॉडस्लेंच्या हाताखाली जोसेफ व्हिटवर्थ आणि जेम्स नॅस्मिथ शिकले. व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये आट्यांचे प्रमाण सुचवले. आपल्याकडचे जुने फिटर ‘बीएसडब्ल्यू’ म्हणतात, ते हेच आटे. फ्रान्सहून परतताना सर्दीचे निमित्त झाले आणि १४ फेब्रुवारी १८३१ रोजी मॉडस्लेंचे निधन झाले. वुलिचमधल्या त्यांच्या थडग्यावरचे स्मारकही बिडाचेच होते आणि त्याची रचना त्यांनीच करून ठेवली होती.

राउटर बांधताना बजेट मर्यादित असेल, तर आधी जाड सांगाडा, मग चांगला स्क्रू आणि रेल घ्यावेत. कंट्रोलर नंतर बदलता येतो, वाकणारा सांगाडा मात्र पहिल्यापासून नव्याने बांधावा लागतो.